टच करंट मोजायला कोणतं यंत्र घ्यावं? आधी नेटवर्क, मग मीटर

प्रश्न नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका तरुण उद्योजकाचा आहे. द्राक्षबागेत फवारणीला लागणाऱ्या पाठीवरच्या बॅटरी पंपांचे चार्जर ते बनवतात. दोन पिनी, प्लास्टिक बॉडी, आत एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा). प्रयोगशाळेने टच करंट, म्हणजे हात लावणाऱ्या माणसातून जाणारा करंट, ०.४८ मिलिॲम्पिअर दाखवून नग नापास केला, मर्यादा ०.३५ ची. त्याच नगावर कारखान्यातला साधा मल्टीमीटर ०.१६ दाखवतो. ते विचारतात, ‘सर, आता क्लॅम्प मीटर घ्यावा, महागडा लीकेज टेस्टर घ्यावा, की आहे त्या हायपॉटवर (चढं व्होल्टेज देऊन इन्शुलेशन तपासणाऱ्या यंत्रावर) भागेल?’

तुमचा मल्टीमीटर बिघडलेला नाही आणि लॅबचंही काही चुकलेलं नाही. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. हा फरक कुठून आला ते एकदा उलगडलं, की काय विकत घ्यायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल. म्हणून आधी तेच करू.

तुम्ही पाठवलेल्या सर्किटमध्ये प्रायमरी (लाईनची बाजू) आणि सेकंडरी (आउटपुटची बाजू) यांच्या मध्ये ४.७ नॅनोफॅरडचा वाय कॅपॅसिटर (या जागेसाठीचा सुरक्षा कॅपॅसिटर) आहे आणि तो ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या) मागे, डीसी बसवर बसवला आहे. हाच कॅपॅसिटर थेट फेजला जोडला असता तर हिशेब सोपा होता. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ४.७ नॅनोफॅरडमधून ०.३४ मिलिॲम्पिअर आरएमएस (लाटेचं परिणामी मूल्य) जातो, साइन वेव्हसारखा. पण ब्रिजच्या मागे बसलेल्या कॅपॅसिटरला साइन वेव्ह दिसत नाही. डायोड बंद असतात तेव्हा डीसी बस तरंगत राहते, आणि चालू होतात तेव्हाच लाईनबरोबर सरकते. परिणामी करंट प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये अचानक उसळतो, पाव सायकलभर उतरत जातो आणि मग जवळपास शून्य. स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) पाहिलंत तर शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखा आकार दिसेल, एकदा वर, एकदा खाली. अशा आकाराचं शिखर, म्हणजे लाटेचं सर्वोच्च मूल्य, साइन वेव्हइतकंच असतं, पण आरएमएस शिखराच्या निम्मा भरतो.

आता आकडे लावू. दुपारी तुमच्या शेडमध्ये लाईन २१८ व्होल्ट होती असं तुम्ही लिहिलं आहे. त्या व्होल्टेजला शिखर साधारण ०.४५५ येतं आणि खरा आरएमएस ०.२३. तुमचा मल्टीमीटर ट्रू आरएमएस नाही. तो सरासरी काढतो आणि लाट साइनच आहे असं धरून १.११ ने गुणतो. या आकाराला तसं केलं की उत्तर येतं ०.१६. तुमचा आकडा अगदी तोच आहे.

लॅबने काय केलं? आयईसी ६०३३५ या घरगुती उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा स्टँडर्डच्या घराण्यातल्या बॅटरी चार्जरला (भाग २-२९) रेटेड व्होल्टेजच्या १.०६ पट द्यावं लागतं, म्हणजे २३० चे जवळपास २४४. तिथे शिखर ०.५१ होतं. लॅबच्या नेटवर्कमध्ये (माणसाच्या शरीराच्या जागी लावलेल्या सर्किटमध्ये) गाळणी, म्हणजे फिल्टर, आहे, ती त्या उसळीची धार थोडी बोथट करते, म्हणून ०.४८. आणि मर्यादा जी ०.३५ आहे ती शिखराची आहे, आरएमएसची नव्हे. जुन्या आवृत्तीत क्लास २ साठी (अर्थ नसलेल्या, दुहेरी इन्शुलेशनच्या उपकरणांसाठी) ०.२५ मिलिॲम्पिअर आरएमएस लिहिलेलं असे. ०.२५ ला १.४१४ ने गुणा, ०.३५ मिळेल. साइन वेव्हला दोन्ही एकच. तुमच्या लाटेला मात्र नाहीत. ट्रू आरएमएस मीटरने २४४ व्होल्टला मोजलं असतं तर तुम्हाला ०.२५ दिसलं असतं आणि ‘काठावर पास’ म्हणून माल गेला असता.

यातून पहिली अट निघते: जे काही घ्याल ते शिखर मोजू शकलं पाहिजे. फक्त आरएमएस दाखवणारा मीटर, मग तो कितीही नामांकित कंपनीचा असो, एसएमपीएसच्या कामाला अपुरा आहे.

आता नेटवर्क. टच करंट म्हणजे उपकरणाला हात लावणाऱ्या माणसातून जाणारा करंट, म्हणून मोजताना मीटरच्या जागी माणसासारखं काहीतरी हवं. आयईसी ६०९९० मध्ये ही नेटवर्क दिली आहेत. सगळ्यांचा पाया एकच: १५०० ओहम आणि त्याला समांतर ०.२२ मायक्रोफॅरड, ही जोडी त्वचेची. तिच्याशी मालिकेत ५०० ओहम, ते आतल्या शरीराचं. एवढ्यावर थांबलात तर अनवेटेड मोजमाप. आकृती ४ मध्ये ५०० ओहमवर १० किलोओहम आणि ०.०२२ मायक्रोफॅरडची गाळणी येते. माणूस दचकतो त्या परिणामाचं हे नेटवर्क. आकृती ५ मध्ये गाळणी वेगळी आहे. ते माणूस चिकटतो त्या परिणामाचं, जेव्हा स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स डाल्झिएल यांनी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग करून या दोन पातळ्या वेगळ्या दाखवल्या. अर्धा मिलिॲम्पिअरच्या आसपास दचकणं सुरू होतं, आणि ५० हर्ट्झला ५ मिलिॲम्पिअरच्या पुढे सगळ्यांनाच मूठ सोडवता येईल याची खात्री देता येत नाही.

गाळणी का? कारण फ्रीक्वेन्सी वाढली की तेवढाच करंट शरीराला कमी जाणवतो. आकृती ४ चं नेटवर्क साधारण ७०० हर्ट्झपासून उतरायला लागतं. १ मिलिॲम्पिअर ५० हर्ट्झचा दिला तर आउटपुटला जवळपास ४९९ मिलिव्होल्ट मिळतात, तोच १० किलोहर्ट्झचा दिला तर ३४ च्या आसपास. वेटेड करंट काढायला हे व्होल्टेज ५०० ने भागायचं. म्हणजे तुमच्या मर्यादेचे ०.३५ मिलिॲम्पिअर म्हणजे १७५ मिलिव्होल्ट शिखर. हा आकडा टेस्ट बेंचवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

तुमच्या चार्जरला आकृती ४ लागते. आयईसी ६२३६८-१ च्या (ऑडिओ-व्हिडिओ आणि संगणकासारख्या) उपकरणांत ईएस १ या सौम्य धोक्याच्या पातळीसाठी आकृती ४ आणि ०.७०७ मिलिॲम्पिअर शिखर, त्यावरच्या ईएस २ साठी आकृती ५ आणि ७.०७. वैद्यकीय उपकरणांचं आयईसी ६०६०१-१ पूर्णच निराळं आहे, तिथे १ किलोओहमचं शरीर आणि मायक्रोॲम्पिअरमधल्या मर्यादा. त्यामुळे विक्रेता ‘सगळ्या स्टँडर्डला चालतं’ म्हणाला तर त्याला नेटवर्कची यादी मागा. तुमच्या स्टँडर्डचं नेटवर्क त्या यादीत नसेल तर पुढे बोलायचं कारणच नाही.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येऊ.

हायपॉट नाही. तो १५००, ३००० व्होल्ट देऊन इन्शुलेशन टिकतं का ते पाहतो. त्यावर ‘लीकेज’ म्हणून जो मिलिॲम्पिअर दिसतो तो त्या चढ्या व्होल्टेजचा, शरीराच्या नेटवर्कशिवायचा, आणि बहुतेक वेळा उपकरण बंद असतानाचा. त्याला व्होल्टेजच्या प्रमाणात भागून टच करंट काढायची पद्धत मी सातपूरला बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. ती सोडून द्या. ब्रिजच्या मागचा कॅपॅसिटर चालू उपकरणात वेगळा वागतो हे आपण वर पाहिलंच. मेगरचं (इन्शुलेशन रेझिस्टन्स मोजणाऱ्या यंत्राचं) तर नावच नको, तो डीसीवर चालतो आणि कॅपॅसिटरमधला एसी करंट त्याला दिसतच नाही.

क्लॅम्प मीटर चांगला आहे, पण दुसऱ्या कामाला. कारखान्यातल्या पॅनेलच्या अर्थिंगच्या वायरमधून किती करंट वाहतोय, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखी का पडते, हे शोधायला मिलिॲम्पिअरचा लीकेज क्लॅम्प हाताशी हवाच. पण त्यात शरीर नाही, शेजारच्या केबलचं चुंबकीय क्षेत्र लहान आकड्यात मिसळतं, आणि तुमच्या दोन पिनी चार्जरला अर्थची वायरच नाही. क्लॅम्प लावणार कशाला?

राहिले दोन मार्ग. तयार लीकेज टेस्टर, किंवा स्वतः बांधलेलं नेटवर्क आणि त्यावर चांगला स्कोप.

तयार यंत्रांत हिओकीचा एसटी ५५४० किंवा किकुसुईचा टीओएस ३२०० ही नावं तुमच्या लॅबमध्येही दिसतील. नेटवर्क आत असतात, फेज-न्यूट्रलची अदलाबदल आणि अर्थ तोडणं रिलेने होतं, रिपोर्ट तयार निघतो. घेताना मी चार गोष्टी विचारीन. तुमच्या स्टँडर्डचं नेटवर्क आहे का? एसी, डीसी आणि शिखर, तिन्ही वाचतो का? तुमच्या सगळ्यात मोठ्या उत्पादनाचा लाईन करंट त्यातून जाऊ शकतो का? उद्या गिझर बनवायला घेतलात तर हा प्रश्न तुम्हाला अडवेल. आणि चौथी, जी कोणी विचारत नाही: कॅलिब्रेशन कोणत्या फ्रीक्वेन्सींवर करून मिळेल? फक्त ५० हर्ट्झवर तपासून दिलेलं प्रमाणपत्र गाळणीबद्दल काहीच सांगत नाही. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर तुटलेला असला तरी ५० हर्ट्झला आकडा जवळपास तोच येतो. एनएबीएल मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन लॅबला आधीच लिहून विचारा की नेटवर्क किलोहर्ट्झमध्ये, शक्य तर १ मेगाहर्ट्झपर्यंत, तपासणार का.

पण खरं सांगू, तुमच्या आकाराच्या कारखान्याला मी आज हे यंत्र घ्यायला सांगणार नाही. किंमत लाखांत जाते. तुमचं काम दोन-तीन मॉडेलचं आहे, आणि अधिकृत रिपोर्ट तर लॅबचाच लागणार. तुम्हाला हवं आहे ते लॅबला पाठवण्याआधी खात्री करून देणारं साधन. ते घरी बांधता येतं.

नेटवर्कचे पाच भाग आहेत, १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टर आणि पॉलीप्रॉपिलीन फिल्म कॅपॅसिटर घ्या. वायरवाउंड रेझिस्टर नको, त्यातला इंडक्टन्स वरच्या फ्रीक्वेन्सीला गोंधळ घालतो. मात्र वॉटेजकडे लक्ष द्या. चार्जरचं इन्शुलेशन मोडलं आणि पूर्ण २३० व्होल्ट नेटवर्कवर आले तर ११५ मिलिॲम्पिअर वाहतील. १५०० ओहममध्ये जवळपास २० वॉट आणि ५०० मध्ये साडेसहा वॉट जिरतील. तेवढ्या ताकदीसाठी मेटल फिल्मचे बरेच नग समांतर-मालिकेत लावा, किंवा मालिकेत लहान जलद फ्यूज टाका. फ्यूज टाकलात तर एक सवय अंगी बाणवा: प्रत्येक वेळी मोजायला बसण्याआधी नेटवर्कच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटरने ओहम पाहा. २००० आले पाहिजेत. फ्यूज उडालेला असेल तर प्रत्येक चार्जर शून्य दाखवून पास होईल, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आउटपुटला जे वाचणारं साधन लावाल त्याचा इनपुट रेझिस्टन्स १ मेगाओहमच्या वर आणि कपॅसिटन्स २०० पिकोफॅरडच्या आत हवा, आणि १ मेगाहर्ट्झपर्यंत ते खरं वाचणारं हवं. साधा मल्टीमीटर इथेच गळतो, एसी रेंजमध्ये अनेकांची मजल किलोहर्ट्झभरच असते. स्कोप दहापट प्रोबसह लावला तर या तिन्ही अटी आरामात पाळल्या जातात, शिखर थेट दिसतं आणि लाटेचा आकारही दिसतो. निदान करायला हा आकार तुम्हाला कोणत्याही तयार यंत्राच्या आकड्यापेक्षा जास्त शिकवेल. आठ बिटच्या स्कोपची अचूकता दोन-तीन टक्क्यांचीच असते, म्हणून मर्यादेच्या दहा टक्के आतच पास धरा. १७५ नव्हे, १५७ मिलिव्होल्ट.

बांधून झालं की सिग्नल जनरेटर आणि मालिकेत १ किलोओहम लावून ५० हर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झला तपासा. वर दिलेले ४९९ आणि ३४ चे आकडे तेव्हा कामी येतील.

आता पुरवठा. यंत्राच्या निवडीइतकंच, किंबहुना जास्त, चुकतं ते इथे. तुम्हाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (लाईनपासून वेगळा केलेला पुरवठा देणारा) हवा आणि व्होल्टेज २४४ वर नेऊन ठेवायला डिमरस्टॅट. लाईन किती आहे यावर चाचणी सोडायची नाही, दुपारी २१८ आणि रात्री २४० असेल तर रोज वेगळा निकाल येईल. ट्रान्सफॉर्मर लावल्यावर बरेच जण चार्जर सेकंडरीवर जोडतात आणि नेटवर्कचं दुसरं टोक भिंतीतल्या अर्थला लावतात. आकडा जवळपास शून्य येतो, कारण सेकंडरी तरंगती आहे आणि करंटला परतीची वाटच नाही. सेकंडरीचं एक टोक नेटवर्कच्या परतीच्या टोकाला बांधलंच पाहिजे. ते टोक अर्थही करा, म्हणजे स्कोपची ग्राउंड क्लिप तिथे निर्धास्त लावता येते. पोलॅरिटी बदलायचा स्विच त्यानंतर, चार्जरच्या बाजूला. तुमचा दोन पिनी प्लग उलटा-सुलटा कसाही बसतो, म्हणून दोन्ही दिशांना मोजून मोठा आकडा धरायचा.

इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर मोजू नका. त्याची लाट चौकोनी असेल तर कॅपॅसिटरमधला करंट भलताच येतो.

प्लास्टिक बॉडीवर २० बाय १० सेंटिमीटरचा ॲल्युमिनियम फॉईलचा तुकडा घट्ट दाबून बसवा, तो म्हणजे हाताचा तळवा. चार्जरच्या आउटपुट जॅकचा धातू आणि फॉईल, दोन्ही नेटवर्कला जोडा. लोड लावून चार्जर पूर्ण गरम झाल्यावर मोजा. त्यानंतर दमट कपाटातली चाचणी असते, ९३ टक्के आर्द्रतेतून काढल्यावर पुन्हा मोजायचं. नाशिकच्या पावसाळ्यात शेडच्या कोपऱ्यात पडून राहिलेला चार्जर जवळपास याच अवस्थेत असतो, आणि तो हातात घेणारा माणूस ओल्या पायांनी बागेतून आलेला असतो. म्हणून ही पायरी टाळू नका.

हे सगळं करताना जॅक आणि फॉईल जिवंत आहेत असंच समजून वागा. रबरी मॅट, एक हात खिशात, आणि डिमरस्टॅट शून्यावर आणून मगच वायरी हलवायच्या. थ्री-पिन मॉडेल घेतलंत आणि अर्थ तोडून मोजलंत तर धोका आणखी वाढतो. तिथे फेज आणि न्यूट्रलकडून सारखे वाय कॅपॅसिटर असतील तर बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास तरंगते. बॉडीला स्क्रूड्रायव्हरसारखा लाईन टेस्टर लावून ‘टेस्टर पेटतोय’ म्हणतात ते हेच. टेस्टर पेटला म्हणजे नग नापास असं नाही, आणि नाही पेटला म्हणजे पास असंही नाही.

चार्जर दुरुस्त कसा करायचा हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण आकडे समोर आहेतच. वाय कॅपॅसिटर २.२ नॅनोफॅरडवर आणा. २४४ व्होल्टला शिखर ०.२४ येईल, कॅपॅसिटर वीस टक्के जास्तीचा निघाला तरी ०.२९ च्या आत. ३.३ वर थांबायचा मोह होईल, पण तो ०.३६ ला जातो. २.२ केल्यावर ईएमआय (इतर उपकरणांना होणारा विद्युत व्यत्यय) थोडा वाढेल, तो कॉमन मोड चोक किंवा ट्रान्सफॉर्मरमधल्या शील्ड वाइंडिंगने आवरा. कॅपॅसिटर वाय १ वर्गाचा आणि मान्यतेच्या खुणा असलेलाच हवा. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तो एकटा उभा आहे.

आणि प्रोडक्शन लाईनवर प्रत्येक नगाला टच करंट मोजायचं ऑटोमॅटिक यंत्र घ्यावं का? माझ्या मते नाही. आयईसी ६०३३५-१ च्या परिशिष्ट ए मध्ये रुटीन चाचण्या म्हणून अर्थ कंटिन्युइटी, हायपॉट आणि उपकरण चालतं की नाही एवढंच आहे. टच करंट तुमच्या डिझाइनमध्ये एका कॅपॅसिटरवर ठरतो. तेव्हा आलेल्या कॅपॅसिटरच्या प्रत्येक रीळमधले काही नग एलसीआर मीटरवर (कॅपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवर) मोजा, पुरवठादार बदलला की पूर्ण चाचणी पुन्हा करा, आणि महिन्यातून काही तयार चार्जर वर सांगितलेल्या बेंचवर चढवा. हायपॉट तुमच्याकडे आहेच, तो लाईनवर राहू द्या. उरलेल्या पैशांतून दोन चॅनेलचा बरा स्कोप, ५०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि डिमरस्टॅट घ्या. चार्जरच्या कामाला ते पुरतं. पुढे थ्री-पिन किंवा मोटारीचं उत्पादन सुरू केलंत की तयार टेस्टरचा विचार करू. तेव्हा दोन कंपन्यांचे नमुने मागवून तुमचाच हा चार्जर दोन्हींवर आणि बेंचवर मोजा. ज्याचा शिखराचा आकडा स्कोपशी जुळेल, तो घ्या.